प्राचीन स्थळाचा नकाशा: ड्रोनवर कॅमेरा की लायडार?

जमीन उघडी आहे की झाडीने झाकलेली, हे आधी पाहा. उपकरणांची किंमत आणि जाहिराती नंतर.

माळरान, खुरटे गवत किंवा उघडे पडलेले अवशेष असतील तर फोटोग्रॅमेट्रीच (छायाचित्रांवरून मोजणी) घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एकमेकांवर 70-80 टक्के चढणारी छायाचित्रे घेतली की त्यांतले समान बिंदू जुळवून सॉफ्टवेअर त्रिमितीय प्रतिमान आणि मोजमापाला चालणारा ऑर्थोफोटो (सरळ वरून दिसणारे, सगळीकडे एकाच मापाचे चित्र) तयार करते. एक इंची सेन्सरचा 20 मेगापिक्सेल कॅमेरा 30 मीटर उंचीवरून साधारण 0.8 सेंटीमीटरचा पिक्सेल देतो. भिंतीतला एकेक दगड रंग-पोतासकट ओळखता येतो. नुसत्या लायडारमधून, म्हणजे लेसर किरणांनी अंतर मोजणाऱ्या यंत्रातून, हे मिळत नाही.

दाट झाडीत मात्र कॅमेऱ्याला फक्त शेंडेच दिसतात. लायडारचे काही किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचून परततात. बेलीझमधल्या काराकोल या माया नगराभोवतीचे सुमारे 200 चौरस किलोमीटर जंगल 2009 मध्ये विमानातून लायडारने मोजले, तेव्हा पायऱ्यापायऱ्यांची शेती आणि रस्ते दूरवर उलगडले. तरीही खुरट्या, घट्ट झुडपांत लायडारही अडतो आणि मोजणीतून झाडी गाळताना ठेंगणी भिंतही कधी गाळली जाते. म्हणून नकाशावरची खूण जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय तिला अवशेष म्हणू नये.

बरेच जण महागड्या ड्रोनवर खर्च करतात आणि जमिनीवरच्या नियंत्रण बिंदूंवर (नेमके स्थान मोजून ठेवलेल्या खुणांवर) हात आखडता घेतात. खरी अचूकता तिथेच ठरते. फक्त सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याने समांतर फेऱ्या मारल्या, तर सपाट मैदानही प्रतिमानात घुमटासारखे फुगू शकते. थोडी तिरकी छायाचित्रे मिसळली की हा दोष बराच कमी होतो. ड्रोनवर आरटीके (उपग्रहांच्या मदतीने अचूक स्थान सांगणारी यंत्रणा) असला तरी काही बिंदू गणिताबाहेर ठेवून त्यांवर निकाल पडताळावा. हे बिंदू टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) किंवा जमिनीवरच्या आरटीकेने मोजता येतात, त्यामुळे जुनी यंत्रे विकून टाकू नका.

उत्खननाच्या चरात तर ड्रोन नकोच. पंख्यांच्या वाऱ्याने धूळ उडते आणि चराच्या उभ्या बाजू वरून नीट दिसत नाहीत. काठीवर लावलेला साधा कॅमेरा तिथे सरस ठरतो.

स्थळ जंगलात आहे आणि लायडार परवडत नाही? झाडे पानगळीची असतील तर पाने झडेपर्यंत थांबा. सदाहरित जंगलात कॅमेऱ्यावर पैसे घालू नका. पायी सर्वेक्षण करा.