जुन्या स्विफ्ट डिझेलला एजीएस बसवायचा की एजीएसवाली डिझायरच घ्यायची?

मामांची २०१३ ची स्विफ्ट डिझेल आहे, डावा गुडघा दुखतो, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून जीव जातो, पण गाडी विकवत नाही. म्हणून विचारतायत, २०१६ च्या डिझेल डिझायरचा एजीएस (ऑटो गिअर शिफ्ट, यात क्लचचं पेडलच नसतं) गिअरबॉक्स हिला बसवू का?

इंजिन तेच, १२४८ सीसी. एजीएस म्हणजे आतून ५ गिअरचा मॅन्युअलच, वर अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे पाया-हाताचं काम करणारं यंत्र, क्लच तो दाबतो आणि गिअर तोच बदलतो. त्यामुळे बसवणं त्यामानाने सोपं, खरी डोकेदुखी वायरिंगची. इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), गिअरचा कंट्रोलर, लिव्हर, ब्रेकचा स्विच हे सगळं एकमेकांशी बोललं पाहिजे, एक कनेक्टर ढिला राहिला की गाडी न्यूट्रलला अडकणार आणि मागून हॉर्न.

खर्च? भंगारातला गिअरबॉक्स स्वस्त दिसतो, मजुरी आणि शोधाशोध खिसा कापते. वॉरंटी शून्य.

सेकंडहँड डिझायरमध्येही अ‍ॅक्च्युएटर जुनाच असणार, पण वायरिंग कंपनीचं, कुठलाही ओळखीचा मेकॅनिक स्कॅनर लावून बघेल. शिवाय मामांच्या गाडीचं रजिस्ट्रेशन २०२८ ला संपतंय, २०१६ च्या डिझायरचं २०३१ ला. घेताना चढावर थांबवून चालवून बघा.

स्वतः गॅरेज असेल, ज्यातून गिअरबॉक्स काढायचा ती डिझायर अख्खी मिळत असेल तर बसवा. रोज गाडी लागणाऱ्यांनी डिझायरच घ्यावी, मामा तुम्हीपण.