तिरंदाजीतला कोपराचा पट्टा, ७ महिन्यांनंतर: शिवण पक्की, लॉक भिकार

दोन हजार चारशे रुपयांच्या वस्तूला दहा रुपयांचं प्लॅस्टिकचं लॉक लावायची बुद्धी कुणाला झाली, ते कंपनीलाच ठाऊक. ओढणाऱ्या हाताच्या कोपराला पट्टा आणि पट्ट्यातून निघालेली दोरी धनुष्याच्या स्ट्रिंगला अडकवलेली, बाण न लावता स्ट्रिंग सोडायचा (रिलीज) सराव करायचा, हा प्रकार रिकर्व्हवाल्यांना, म्हणजे टोकं पुढे वळलेलं बिनचाकांचं धनुष्य वापरणाऱ्यांना, माहीत आहे, जास्त वर्णन करत बसत नाही. ३४ पाउंडाचं (ओढायला तेवढा जोर लागणारं) धनुष्य, आठवड्यातून चार दिवस, दिवसाला तीसेक रिलीज, असा ७ महिने वापर झालाय. पट्ट्याची शिवण शाबूत आहे, आतला फोम जरा बसलाय. दोरीची लांबी धरून ठेवणारं लॉक मात्र तिसऱ्या महिन्यापासून सरकतंय. वीस रिलीजमध्ये सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर.

‘एवढ्याने काय होतं?’ असं कस्टमर केअरनेही विचारलं. नॉर्मल झीज आहे म्हणे, वॉरंटीत बसत नाही. आता काय होतं ते ऐका. फुल ड्रॉला, म्हणजे स्ट्रिंग पूर्ण ओढून अँकर (ओढणारा हात टेकायची जागा) हनुवटीखाली नीट बसल्यावर, दोरीत दोन ते तीन सेंटिमीटर ढील हवी. बोटं सोडली की स्ट्रिंग तेवढीच पुढे जाते आणि सगळा भार कोपरावर येतो. खांद्याच्या फऱ्यामागचे स्नायू ओढत असतील तर कोपर मागेच सरकतं. दंडाच्या बेडकीने आणि मनगटाने ओढत असाल तर हात फाटकन पुढे खेचला जातो. पट्ट्याची सगळी किंमत या एका उत्तरात आहे. ढील एक सेंटिमीटरहून कमी झाली की बोटं सोडण्याआधीच भार दोरी घेते, आणि पट्टा सगळ्यांनाच शाबासकी देतो. चारच्या पुढे गेली की चांगल्या रिलीजलाही हिसका बसतो आणि खांद्याचा सांधा दुखायला लागतो. म्हणजे ज्या मापावर परीक्षा चालते तेच माप लॉक गुपचूप बदलतं, आणि आपण आपल्या पाठीला दोष देत राहतो.

वर धोका आहेच. ३४ पाउंड म्हणजे साडेपंधरा किलो, त्यात झटक्याची भर. लॉक पूर्ण सुटलं तर तो ड्राय फायर, म्हणजे बाणाशिवाय स्ट्रिंग मोकळी सुटणं. बाण नसल्याने सगळी ताकद लिंबमध्ये (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांमध्ये) परत जाते आणि लिंबचे थर सुटू शकतात. लिंबची किंमत आठवा आणि मग झीज ‘नॉर्मल’ म्हणा.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा पाचपैकी दोन तारे दिले होते. लॉक कापून टाकल्यावर मत बदललं. ट्रेकिंगच्या दुकानातून ४ मिमीची पॉलिस्टर कॉर्ड मीटरभर आणायची. नायलॉन ताणलं जातं, ते नको. फुल ड्रॉला दुसऱ्या कुणाकडून माप घ्यायचं, दोन्ही टोकांना आठच्या आकड्याच्या गाठी मारायच्या आणि टोकं मेणबत्तीवर वितळवायची. मोच्याकडून पट्ट्यावर एक जास्तीची कडी शिवून घेतली, चाळीस रुपये. आता माप हलत नाही, पण दोरी एकाच तिरंदाजाची होते, ड्रॉ लेंग्थ (स्ट्रिंग ओढण्याची लांबी) वेगळी असलेल्या मित्राला देता येत नाही. थंडीत स्वेटरवर पट्टा बांधला तर पुन्हा मोजा. पट्टा कोपराच्या लगेच वर, दंडावर घट्ट हवा. बगलेकडे चढला तरी ढील बदलते.

मग चार तारे. त्यातला अर्धा परत काढतो, कारण बॉक्सवर ‘दोन्ही खांदे सुधारा’ असं छापलंय. धनुष्य धरणारा खांदा या पट्ट्याला दिसतच नाही. नवख्यांची निम्मी दुखणी तर तिथेच असतात. धनुष्य उचलताना खांदाही कानाकडे चढतो, मग ओढताना मागे दबतो, ड्रॉ अर्धा इंच कमी पडतो. इंचाला साधारण दोन पाउंड धरले तर एक पाउंड तिथेच गेला, ७० मीटरवर बाण खाली. क्लिकर (बाण पुरेसा ओढला की टक्कन वाजणारी पट्टी) वाजत नाही म्हणून मान ताणून ओढायचं, नाहीतर क्लिकरच पुढे सरकवायचा. असे क्लिकर सरकवणारे प्रत्येक मैदानावर दोन तरी असतात.

त्याला उपाय फुकटचा आहे. हात खाली असतानाच तळवा जमिनीकडे लांबवायचा, फरा खाली सरकल्याचं जाणवलं की तो तिथेच ठेवून फक्त हात वर न्यायचा. निशाणाच्या फार वर नेऊ नका, तिथेच खांदा चढतो. खांद्याच्या टोकावर चिकटपट्टीचा तुकडा लावून पाठीमागून मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि कानापासूनचं अंतर उचलण्याआधी, फुल ड्रॉला आणि रिलीजनंतर बघा. तीनही वेळा ते सारखं दिसलं पाहिजे. दुसरा व्हिडिओ निशाणाच्या विरुद्ध टोकाकडून, त्यात ओढणारं कोपर बाणाच्या रेषेत आलंय का ते कळतं.

सराव असा: पट्टा लावून पाच रिलीज (बाणाशिवाय, हे विसरू नका), लगेच पट्टा काढून दोन-तीन मीटरवरच्या कोऱ्या बटवर (निशाणाचा कागद न लावलेल्या गादीवर) पाच बाण. बटवर नेम धरून झाला की डोळे मिटायचे आणि मग सोडायचं. डोळे मिटल्यावर खांदा कुठे आहे हे जितकं कळतं तितकं आरशासमोर कळत नाही. आरशात माणूस स्वतःला दुरुस्त करतो, जाणवून घेत नाही. आधी स्वतःच सांगायचं, ‘चढला’ किंवा ‘खाली राहिला’, मग व्हिडिओशी ताडायचं. सुरुवातीला अंदाज हमखास चुकतो. नवख्यांनी हे १८-२० पाउंडावरच करावं.

साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते कंपाउंडवर, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्यावर. त्यांचं बघून कंपाउंड घेतलं असेल तर या पट्ट्याच्या वाटेला जाऊ नका. लेट-ऑफमधून (पूर्ण ओढल्यावर वजन कमी होतं त्या टप्प्यातून) स्ट्रिंग थोडी पुढे आली की वजन एकदम चढतं, आणि ते थेट कोपरावर आदळतं.

एक राहिलं. स्ट्रिंगला अडकणारा फास सर्व्हिंग (स्ट्रिंगवरची दोऱ्याची गुंडाळी) घासतो. नॉक पॉइंट (स्ट्रिंगवर बाण कुठे लावायचा त्याची खूण) डेंटल फ्लॉसने बांधला असेल तर महिन्याभरात सैल होतो, पितळेचा असेल तर तोच फास कापतो. सरावाला जुनी स्ट्रिंग ठेवा, कॉर्ड दर तीन महिन्यांनी बदला. मीटरभर कॉर्डमध्ये दोन दोऱ्या निघतात.