कोंबडीच्या पायाची खरूज: व्हॅसलिन, गंधकाचे मलम की आयव्हरमेक्टिन?

निरोगी कोंबडीच्या पायाच्या नळीवरचे खवले मंगलोरी कौलांसारखे बसलेले असतात, एकावर एक, चपट. वरून खाली अंगठा फिरवला तर कुठे अडत नाही. खरूज लागली की हीच कौले उचलली जातात. सुरुवात बहुतेकदा बोटांच्या वरच्या बाजूला होते, मग ती नळीवर चढते. खवल्याखालून पांढरट राखाडी भुगा निघतो आणि पाय जाड, ओबडधोबड दिसू लागतो. कडकनाथच्या काळ्या पायांवर हा भुगा चटकन नजरेत भरतो. पिवळ्या पायांवर मात्र उन्हात धरूनच पाहावे लागते.

औषध आणण्याआधी फसवणाऱ्या चार गोष्टी वगळा. चिखल किंवा चुना वाळला असेल तर तो ओल्या फडक्याने निघतो, खरजेचा भुगा निघत नाही. म्हाताऱ्या कोंबडीचे खवले खरखरीत होतात, पण उचललेले नसतात. तळव्याला सूज आणि मधोमध काळी खपली असेल तर ती तळव्याची गाठ आहे, तिचा उपचार वेगळा. खुराड्याच्या फटीत दिवसा लपून रात्री रक्त पिणारा लाल माइटही निराळाच. त्याच्यामुळे तुरा फिका पडतो, नळी जाड होत नाही.

खरूज करणारा जीव टोमॅटोवरच्या लाल कोळीच्या जातकुळीतला आहे. नाव नेमिडोकॉप्टिस म्युटन्स, आकार अर्ध्या मिलिमीटरच्या आत. तो खवल्याखाली बोगदे करून राहतो आणि साधारण दोन-अडीच आठवड्यांची त्याची पिढी तिथेच पुरी होते. म्हणून कोणत्याही औषधाला दोनच प्रश्न विचारावेत: ते खवल्याखाली पोचते का, आणि तीन आठवडे नेटाने लावता येईल का? अंगावर शिंपडायची पावडर पहिल्याच प्रश्नात बाद होते, कारण ती खवल्याच्या वरच बसते.

व्हॅसलिन किंवा तेल किड्याला विष घालत नाही, त्याचा श्वास कोंडते. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये खोबरेल पातळ होऊन तासाभरात ओघळते, व्हॅसलिन त्यापेक्षा टिकून राहते. त्यामुळे दोन्हींत व्हॅसलिनच बरे. अंडी रोजच्यासारखी खाता येतात, ही याची मोठी सोय. अडचण वेळेची आहे: एक दिवसाआड, किमान तीन आठवडे. सहा कोंबड्यांत प्रत्येकीला एका वेळी दोन्ही पायांचे मिळून ५ ग्रॅम धरले, तर दहा खेपांत ३०० ग्रॅम लागते. छोटी डबी पुरत नाही, मोठी आणा. एक धोका मात्र कुणी सांगत नाही. खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पायाचे तेल अंड्यांना लागले तर कवचाची छिद्रे बुजतात आणि पिल्लू आत गुदमरते. तिला पिल्ले निघाल्यावरच लावा.

१० टक्के गंधकाचे मलम थेट किड्यावर काम करते. त्वचेवर गंधकापासून त्याला मारक द्रव्ये तयार होतात, म्हणून मध्यम खरजेला नुसत्या व्हॅसलिनपेक्षा हे सरस. मेडिकलमध्ये तयार मिळाले नाही तर ९० ग्रॅम व्हॅसलिनमध्ये १० ग्रॅम शुद्ध गंधकाची बारीक पूड घोटून घ्या. वास उग्र येतो. रक्ताळलेल्या जागी चुरचुरते, तिथे लावू नका. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी आणलेले ८० टक्के गंधक घरात असतेच आणि तेच कालवून लावायचा मोह होतो. तो टाळा. त्यात पाण्यात मिसळून पानावर पसरण्यासाठीची इतर द्रव्ये असतात. ते द्राक्षाच्या पानासाठी बनवलेले आहे, कातडीसाठी नाही.

आयव्हरमेक्टिन हे जंत-गोचिडांवरचे औषध सर्वांत खोलवर जाते, कारण ते अंगातून किड्यापर्यंत पोचते. नेहमीचे प्रमाण कोंबडीच्या वजनाच्या किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, १० ते १४ दिवसांनी पुन्हा. घोटाळा इथेच होतो. १ टक्क्याच्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असते. २ किलोच्या कोंबडीला लागते ०.०४ मिलिलिटर, म्हणजे एका थेंबाहूनही कमी. गुरांची सिरिंज घेऊन अंदाजाने टोचले की विषबाधेचा धोका असतो. शिवाय औषध अंड्यात उतरते. म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पक्षी दाखवूनच द्या आणि अंडी व मांस किती दिवस खायचे नाही हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. लंगडणाऱ्या, बोटे वाकलेल्या किंवा नख गळू लागलेल्या पक्ष्यासाठी हाच मार्ग योग्य. तिथे व्हॅसलिनवर महिना घालवणे म्हणजे त्या जिवाचे हाल वाढवणे.

रॉकेल, डिझेल आणि ट्रॅक्टरचे जळके ऑइल आम्ही तुलनेतच धरत नाही. किडा मरतो, पण त्याबरोबर कातडी भाजते, आणि कोंबडी चोचीने पाय-पिसे साफ करताना ते पोटात जाते.

मलम कोणतेही असो, आधीची धुलाई सारखीच. टॉवेलमध्ये पंख गुंडाळून पाय कोमट साबणाच्या पाण्यात पाच-दहा मिनिटे बुडवा. जुन्या मऊ टूथब्रशने वरून खाली, खवल्यांच्या दिशेने घासा. खपली ओढून काढू नका, खाली रक्त असते. पाय पूर्ण कोरडा करा आणि मगच मलम बोटांच्या बेचक्यांत आणि खवल्यांच्या कडांखाली चोळा. पकडायला रात्र सोपी, पण डिसेंबर-जानेवारीत रात्री पाय भिजवू नका. रात्री पकडून डालग्याखाली ठेवा, दुपारी उन्हात धुवा.

उपचार फसतो तो बहुधा दोन कारणांनी. दिसणाऱ्या एकाच कोंबडीला लावले जाते, बाकीच्या तिच्याशेजारी त्याच बांबूवर बसतात. सगळ्यांना एकाच दिवशी सुरू करा आणि बांबू घासून धुऊन उन्हात तापवा, शक्य असेल तर बदलाच. दुसरे कारण घाईचे. किडा मेला तरी जुना जाड खवला लगेच गळत नाही. पाय पूर्ववत व्हायला काही महिने लागतात, कधी पुढच्या खेपेला पिसे गळेपर्यंत थांबावे लागते. भुगा थांबला आणि नवे खवले उचलले जात नाहीत, एवढे दिसले की औषध लागू पडले.

बुधवारच्या बाजारातून नवी कोंबडी आणली तर पाय तिथेच उलटून पाहा, आणि घरी तीन आठवडे वेगळ्या डालग्यात ठेवा.