ज्युरीतल्या शेऱ्यांना उत्तर कसं द्याल: तिथेच, लिहून, की पुन्हा मंडईत जाऊन?

मधली ज्युरी, म्हणजे वास्तुकलेच्या वर्गात प्रकल्प सगळ्यांसमोर मांडून शेरे घेण्याची बैठक, संपली, वर्गातल्या मुलामुलींचे शेरे वहीत उतरले, आणि शेवटच्या ज्युरीआधी त्यांना उत्तर द्यायचंय. प्रकल्प स्त्रीवादी असेल तर हे काम जड जातं, कारण शेरे नुसत्या डिझाइनवर येत नाहीत, त्यामागच्या विचारावरही येतात. वाटा तीन: तिथल्या तिथे बोलणं, नंतर लिहून देणं, किंवा आधी डिझाइन घेऊन ज्यांच्यासाठी ते केलं त्या बायकांकडे पुन्हा जाणं.

उदाहरण एकच धरू. पुण्यातल्या महात्मा फुले मंडईच्या आसपास रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बायकांसाठी बसायची आणि माल ठेवायची जागा, लागूनच स्वच्छतागृह. शेरे आले असे: ‘पुरुष विक्रेत्यांचं काय?’, ‘सगळं गुलाबी का?’, ‘बैठक इतकी खाली का?’ आणि ‘हे साफ कोण करणार?’

तिथेच बोलून उत्तर देणं माहितीच्या प्रश्नांना ठीक. पहिल्या शेऱ्याचं उत्तर तयार हवं: २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानेच नगर पथविक्रेता समितीतल्या विक्रेत्यांच्या जागांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रियांसाठी ठेवल्या आहेत. शिवाय जवळ स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी कमी पिणं, ही अडचण बायकांच्या वाट्याला जास्त येते. एवढं सांगा आणि थांबा. यापुढे भरल्या वर्गात बोलत राहिलं की आवाज चढतो, आणि विचार करण्याऐवजी आपण बचाव करू लागतो.

बोलणंच भाग असेल तर अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये बसवलेली पद्धत वापरा. आधी पाहणारे आपल्याला काय भिडलं ते सांगतात, मग प्रश्न विचारायची पाळी प्रकल्प करणारीची, त्यानंतर पाहणाऱ्यांचे तटस्थ प्रश्न, आणि मतं शेवटी, तीही तिची परवानगी घेऊन. ‘बैठक इतकी खाली का?’ या प्रश्नात मत आधीच बसलेलं आहे. ‘बैठकीची उंची कशावरून ठरवली?’ असं विचारलं की करणारी मोकळेपणाने बोलते.

लिहून उत्तर देण्याकडे माझा स्पष्ट कल आहे. प्रत्येक शेऱ्यासमोर मान्य, काही अंशी मान्य की अमान्य ते लिहा, कारण लिहा, आणि कोणत्या शीटवर काय बदललं तेही. नकाराला कारण द्यावं लागतं, ही या पद्धतीची खरी ताकद. सफाईचा शेरा तर लिहिल्याशिवाय सुटतच नाही. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात काम केलेल्या शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी, म्हणजे दलित स्त्रियांच्या जगण्याच्या जागेवरून समाजाकडे पाहण्याची दृष्टी, मांडली. ‘स्त्रिया’ असा एकच एकसारखा गट धरला की जात नजरेआड होते, हे त्या लिखाणातून समजतं. आपल्या प्रकल्पात भाजीवाली आहे, पण स्वच्छतागृह धुणारी नाही. अनेकदा तीही बाईच असते, आणि जातीमुळे हे काम तिच्या गळ्यात पडलेलं असतं. तिचं सामान कुठे राहणार, कपडे ती कुठे बदलणार, तिचा पगार कोण देणार? उत्तर लिहायला बसलं की नकाशातली ही पोकळी टाळता येत नाही. धोका एकच, गुळगुळीत भाषेचा. ‘मुद्द्याची नोंद घेतली आहे’ हे उत्तर नव्हे.

पुन्हा मंडईत जाणं सगळ्यात खर्चिक, पण शरीराशी संबंधित शेऱ्यांना दुसरा उपाय नाही. ऑस्ट्रियन वास्तुकार मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टसाठी जे स्वयंपाकघर आखलं, त्यात बाईची पावलं वाचावीत म्हणून बारकाईने विचार केला होता. तरी पुढे स्त्रीवाद्यांनी आक्षेप घेतलाच, की जेमतेम साडेसहा चौरस मीटरच्या त्या खोलीत बाई एकटी पडली. मापं चोख होती, पण घरकामाची वाटणी जिथल्या तिथेच राहिली. म्हणून नुसती टेप घेऊन जाऊ नका. विटा आणि फळी लावून बैठक उभी करा, गिऱ्हाईक कमी असताना जा आणि मावशी बसताना-उठताना हात कुठे टेकतात ते पाहा. विचारलंत तर ‘छान आहे गं’ असंच ऐकू येईल, कारण त्यांना तुमचं मन मोडायचं नसतं. त्यांचा वेळ म्हणजे त्यांचा धंदा, त्यामुळे थोडक्यात आवरा. आणि ‘बायकांना आवडलं’ हे वाक्य वर्गातल्या टीकेपुढे ढालीसारखं धरू नका.

गुलाबीला कारण नसेल तर रंग बदला, त्यावर वाद नको.

हातात चारच दिवस असतील तर मी पहिली सकाळ विटा-फळी घेऊन मंडईत घालवीन आणि उरलेला वेळ लेखी उत्तराला देईन. त्यात सर्वांत आधी सफाईचा शेरा घेईन, कारण त्याने प्लॅनच बदलणार आहे: झाडू-बादलीचं कपाट, वेगळा नळ आणि आतून कडी लागेल अशी कपडे बदलायची खोली.