खोडरबर की आयपीए? जुनी गेमची कॅसेट चालू करताना

मे महिन्यात परभणीच्या घरचा माळा झाडताना कॅसेटचा डबा सापडला. सुट्टीला आलेली लेकरं भोवती जमली, मी जुना व्हिडिओ गेम टीव्हीला जोडला आणि बारापैकी चारच कॅसेट लागल्या. तेव्हापासून जे जे उपाय करून पाहिले ते इथे शेजारी शेजारी मांडतो, म्हणजे तुमच्या डब्यासाठी काय करायचं ते ठरवता येईल.

आधी दोष कॅसेटचा की गेमचा, हे बघा. एकही कॅसेट लागत नसेल तर कॅसेट बसते ती खाच नाहीतर अडॅप्टर तपासा. अडॅप्टर बदलायचा झाला तर व्होल्ट आणि पिनची प्लस-मायनस बाजू गेमच्या खाली लिहिलेली असते, त्याप्रमाणेच घ्या. काही कॅसेट लागतात आणि काही नाही, असं असेल तर पुढचं वाचा.

आपल्याकडे घरोघरी असलेले ते गेम जपानमध्ये 1983 साली आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्याच्या कॅसेटच्या तोंडाशी, खाचेतल्या पिनांना टेकणाऱ्या धातूच्या 60 पट्ट्या असतात, दोन्ही बाजूंना तीस-तीस. त्यातल्या काहींवरून गेम चालतो, काहींवरून चित्रं येतात. म्हणून मारिओ पळतोय, उडी मारतोय, पण अंगाचे तुकडे झालेत आणि ढगांच्या जागी अक्षरं दिसतात, असं असेल तर निराश होऊ नका. गेम शाबूत आहे, फक्त चित्राची एखादी पट्टी टेकत नाही. अशा कॅसेट बहुतेक वेळा सुधारतात. पडदा नुसताच एका रंगाचा राहिला तर जरा जास्त खटपट करावी लागते.

पहिला उपाय आपल्या सगळ्यांचा: फुंकर. फुंकल्यावर कॅसेट लागायची, हे खरं आहे. पण काम फुंकरीचं नव्हतं. कॅसेट काढून परत घालताना पट्ट्या पिनांवर घासल्या जायच्या, त्याने ती लागायची. फुंकरीतून जातो तो तोंडातला ओलावा, आणि त्याने पट्ट्या काळ्या पडतात. फुंकू नका, असं खुद्द निन्टेंडोचंच सांगणं होतं. त्यापेक्षा गेम बंद ठेवून कॅसेट सात-आठ वेळा सरळ आत-बाहेर करा. माझी एक कॅसेट एवढ्यानेच लागली.

खरी निवड खोडरबर आणि आयपीए यांच्यात आहे. आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाले बोर्ड धुवायला वापरतात ते. संभाजीनगरला पैठण गेटच्या बाजूला मोबाइलच्या सामानाच्या दुकानांत विचारा. बाटलीवर 99 टक्के लिहिलेलं बघूनच घ्या. 70 टक्क्यांच्यात उरलेलं बहुतेक पाणीच असतं. सॅनिटायझर तर नकोच, त्यातलं ग्लिसरीन पट्ट्यांवर चिकट थर सोडतं. थिनरने कॅसेटचं प्लास्टिक विरघळतं.

आयपीए कान साफ करायच्या काडीवर घ्यायचं आणि पट्टीच्या लांबीच्या दिशेने फिरवायचं. पहिली काडी काळीकुट्ट निघते. आपल्या काळ्या मातीची धूळ किती बारीक असते आणि उन्हाळ्याच्या वावटळीत ती बंद कपाटातसुद्धा कशी शिरते, हे त्या काडीवर दिसतं. काडी पांढरी निघेपर्यंत करायचं, दहा मिनिटं वाळू द्यायचं. पट्टीवरचा सोन्याचा मुलामा शाबूत राहतो, हा याचा सगळ्यात मोठा गुण. माझ्या चार कॅसेट यानेच उठल्या.

खोडरबर घरातच असतं आणि आयपीएने न निघणारा काळा गंज ते काढतं. पण काढतं ते खरवडूनच. नकली कॅसेटवरचा मुलामा मुळातच पातळ असतो. दर सुट्टीला रबर फिरवलं तर खालचं तांबं उघडं पडतं आणि पुढच्याच पावसाळ्यात आधीपेक्षा लवकर काळवंडतं. शिवाय रबराचा चुरा खाचेत पडला तर चालू कॅसेटही अडतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी आयपीए, आणि त्याने हटलं नाही तरच पांढरं मऊ रबर, हलक्या हाताने, एकदाच, नंतर पुन्हा आयपीएने चुरा पुसायचा. शाई खोडायचं निळं रबर आणि पितळेच्या भांड्यांचं पॉलिश यांना हातच लावू नका. दोन्हींत खरखरीत कण असतात.

रबराने आणखी एक लागली. आणखी एका कॅसेटचा स्क्रू काढून कव्हर उघडलं तर एक डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, सुटलेला होता. तो रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडून परत देऊन घेतला. सोल्डरिंगचा हात नसेल तर हे घरी करू नका. गेम सेव्ह होणाऱ्या अस्सल कॅसेटमध्ये बटणासारखा सेल असतो, तोही त्यांच्याकडूनच बदलून घ्या. सेल काढला की जुना सेव्ह बहुतेक वेळा जातो, हे आधी लक्षात ठेवा.

बारावी कॅसेट लागली नाही. नकली कॅसेटमध्ये चिपवर डांबरासारखा काळा थेंब ओतलेला असतो. पट्ट्या स्वच्छ आहेत, डाग पक्के आहेत आणि तरी पडदा एकाच रंगाचा राहतो, तर बिघाड बहुधा त्या थेंबाखाली असतो आणि तो उघडून दुरुस्त होत नाही. अशा कॅसेटवर दुकानात पैसे घालवू नका. तोच गेम हवा असेल तर दुसरी जुनी कॅसेट शोधा, आणि विकणाऱ्यासमोर लावून बघूनच घ्या.