सहा सिंगल माल्ट, उघड्या बाटल्या आणि ट्युलिप ग्लास : काही महिन्यांच्या वापरानंतर

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणून सुकवलेल्या बार्लीपासून (माल्ट) केलेली व्हिस्की. तिच्यावरची बहुतेक मतं पहिल्या पेगवर बनतात आणि तिथेच थांबतात. पण नव्या बाटलीचा पहिला पेग बऱ्याचदा आखडलेला असतो. तीच बाटली अर्ध्यावर आली की वेगळी लागते आणि तळाशी गेली की आणखी वेगळी. म्हणून हे परीक्षण एका बाटलीचं नाही. सहा बाटल्या बरेच महिने उघड्या ठेवून, जोडीजोडीने समोरासमोर लावून जे हाती लागलं, ते इथे आहे.

सहा स्कॉच बाटल्या अशा (नावापुढचा आकडा वर्षांचा, कंसातला अल्कोहोलच्या टक्क्यांचा): ग्लेनमॉरंजी ओरिजिनल (40 टक्के), ग्लेनड्रोनाख 12 (43), क्लाइनलीश 14 (46), टॅलिस्कर 10 (45.8), कल इला 12 (43) आणि लागाव्हुलिन 16 (43). एकही दुर्मीळ नाही, हे मुद्दाम. ग्लेनमॉरंजी ओरिजिनल पूर्वी 10 वर्षांची होती, 2024 पासून 12 वर्षांची झाली. त्यामुळे जुनी टिपणं वाचताना ती कुठल्या बाटलीची आहेत हे आधी पाहावं. काही माल्ट वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या टक्क्यांवर भरल्या जातात, तेव्हा लेबलावरचा आकडा प्रत्येक वेळी वाचायचा. पुढचं सगळं त्या आकड्यावर उभं आहे.

आधी सामान. ग्लेनकेर्न हा ट्युलिपच्या आकाराचा ग्लास 2001 मध्ये बाजारात आला, आणि तुलनेसाठी त्याहून महाग काही घ्यायची गरज पडत नाही. पोट रुंद आणि तोंड निमुळतं असल्यामुळे वास एका जागी साठतो. रुंद टम्बलरमध्ये तो चहूकडे पसरतो, म्हणून टम्बलर निवांत पिण्याला ठीक, तुलनेला नाही. मात्र निमुळत्या तोंडातून अल्कोहोलची वाफही नाकावर येते. ग्लास वाइनसारखा गरगर फिरवला तर ही वाफ आणखी उसळते आणि दोन-तीन मिनिटं नाक बधिर होतं. ग्लास तिरका करून आतून ओला करायचा, हनुवटीच्या उंचीवर धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि मग हळूहळू वर आणायचा. ग्लास सगळे एकसारखेच हवेत. एक ट्युलिप आणि एक टम्बलर घेऊन तुलना केली, तर ती ग्लासांची तुलना होते.

ग्लास धुताना साबण कमीत कमी, गरम पाणी भरपूर. कपाटात पालथे ठेवले तर लाकडाचा आणि कोंडलेल्या हवेचा वास आत अडकतो आणि ग्लेनमॉरंजीसारख्या नाजूक माल्टमध्ये तो लगेच कळतो. सुलटे ठेवा, वापरण्याआधी एकदा विसळा.

याशिवाय सुई नसलेली 5 मिलीची सिरिंज, 20 मिलीचं माप आणि ग्लासावर ठेवायला छोट्या काचेच्या चकत्या. चकती फॅन्सी वाटते, पण तीन ग्लास ओतून होईपर्यंत पहिल्यातला हलका सुगंध उडून गेलेला असतो. ती नसेल तर कसलीही गंधहीन झाकणी चालेल.

आता पाण्याचं. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या धुरावर सुकवलेल्या बार्लीच्या माल्टमध्ये क्लोरिनचा वास येणारं नळाचं पाणी घालू नका. धुराचा वास देणारे फिनॉल आणि क्लोरिन एकत्र आले की क्लोरोफिनॉल तयार होतात. त्यांचा जंतुनाशकासारखा वास अगदी थोड्या प्रमाणातही जाणवतो आणि दोष मात्र व्हिस्कीच्या माथी जातो. पाणी उकळून गार केलं किंवा रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरिन बरंचसं निघून जातं. क्लोरामाइन वापरलेल्या पाण्यात या उपायाचा उपयोग नाही, तिथे कमी क्षारांचं बाटलीबंद पाणी घ्यावं. तुलनेत बर्फ नकोच. थंडीने वास बसतो, आणि चिल-फिल्टर न केलेली (थंड करून न गाळलेली) व्हिस्की वर गढूळही होते. हा गढूळपणा फॅटी अ‍ॅसिडच्या लांब साखळीच्या एस्टरमुळे येतो, तो दोष नव्हे. 46 टक्के किंवा त्याहून वर ते बहुतांशी विरघळलेले राहतात, म्हणून फिल्टर न केलेल्या माल्ट बऱ्याचदा याच आकड्यावर भरलेल्या दिसतात.

सगळ्यात मोठी गफलत टक्क्यांत होते. 46 टक्क्यांची क्लाइनलीश आणि 40 टक्क्यांची ग्लेनमॉरंजी शेजारी ठेवली की क्लाइनलीश ‘भरदार’ आणि ग्लेनमॉरंजी ‘पातळ’ ठरणारच. त्या फरकातला किती भाग निव्वळ अल्कोहोलचा, हे दोन्ही एका पातळीवर आणल्याशिवाय कळत नाही. हिशेब सोपा आहे: मूळ टक्क्यांना हव्या त्या टक्क्यांनी भागायचं, त्यातून 1 वजा करायचा आणि व्हिस्कीच्या मिलीने गुणायचं. 20 मिली क्लाइनलीश 46 वरून 40 वर आणायला 3 मिली पाणी. टॅलिस्कर 45.8 वरून 43 वर आणायला 1.3 मिली. 60 टक्क्यांची कास्क स्ट्रेंग्थ (पाणी न घालता पिंपातून थेट भरलेली) 46 वर आणायला 6 मिलीच्या किंचित वर. ‘दोन थेंब पाणी’ हे माप नव्हेच, कारण 20 मिलीमध्ये दोन थेंबांनी अर्धा टक्कासुद्धा हलत नाही. पाणी घातल्यावर पाचेक मिनिटं थांबायचं.

पाण्याने वास खुलतो ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये धुराच्या वासाला जबाबदार असलेल्या ग्वायकॉलचं संगणकावर सिम्युलेशन केलं. अल्कोहोल 45 टक्क्यांपर्यंत असताना हा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो, तर 59 टक्क्यांच्या वर अल्कोहोलच्या रेणूंनी वेढला जाऊन खाली जातो, असं त्यात दिसलं. वेगवेगळ्या पिंपांतल्या व्हिस्की मिसळणारी ब्लेंडर मंडळी तर नमुने 20 टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगतात. घरीही हे करून पाहावं, पण वासापुरतंच. एवढी पातळ व्हिस्की प्यायला मजा नाही, मात्र पिंपातले दोष तिथे लपत नाहीत.

जोड्यांपैकी सगळ्यात शिकवणारी जोडी कल इला 12 आणि लागाव्हुलिन 16. दोन्ही स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या, दोन्हींची मालक डियाजिओ ही कंपनी, दोन्हींसाठी पीटच्या धुरावर सुकवलेलं माल्ट पोर्ट एलनच्या माल्टिंगमधून येतं आणि त्याची पीटची पातळीही जवळपास सारखीच. टक्केही दोन्हीकडे 43, म्हणजे सिरिंज बाजूला ठेवता येते. तरीही चवीत जमीन-अस्मानाचा फरक. कल इलाचा धूर स्वच्छ, लिंबाच्या सालीकडे झुकलेला, शेवटाला थोडी मिठाची झाक. लागाव्हुलिनचा धूर जड आणि तेलकट, त्यामागे सुके अंजीर, काळा चहा, आयोडीन. चार वर्षांचं जास्त वय आणि पिंपांची निवड हे त्यामागे आहेच, पण मोठा भाग डिस्टिलेशनचा. कल इलाचे स्टिल (अर्क काढायचे तांब्याचे हंडे) मोठे, आणि ते पूर्ण भरत नाहीत. त्यामुळे वाफेचा तांब्याशी संबंध जास्त येतो आणि जड घटक परत खाली पडतात. लागाव्हुलिनचे स्टिल भरपूर भरले जातात, शिवाय दुसऱ्या डिस्टिलेशनमध्ये मधला, व्हिस्कीसाठी ठेवला जाणारा भाग उशिरापर्यंत घेतला जातो. फिनॉलही उशिराच येतात.

म्हणूनच पीपीएमच्या (दशलक्ष भागांत किती भाग) आकड्यावर बाटली निवडणं फोल आहे. तो आकडा माल्ट केलेल्या बार्लीतल्या फिनॉलचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही. मॅशिंग (बार्ली गरम पाण्यात भिजवणं), डिस्टिलेशन आणि पिंपातली वर्षं यांत त्यातला मोठा हिस्सा गळून जातो.

दुसरी जोडी ग्लेनमॉरंजी आणि क्लाइनलीश. दोन्ही डिस्टिलरी स्कॉटलंडच्या उत्तर हायलँड्सच्या पूर्व किनाऱ्यावर, दोन्हींत धूर जवळजवळ नाही. ग्लेनमॉरंजीचे स्टिल स्कॉटलंडमधले सर्वांत उंच, नुसती मानच 5.14 मीटर. एवढ्या उंचीवर हलक्या वाफाच पोचतात, म्हणून संत्रं, व्हॅनिला, पीच असा सगळा मामला. क्लाइनलीशमध्ये मेणबत्तीचा गुळगुळीतपणा आहे, जो जिभेवर अक्षरशः थर धरतो. पहिल्या डिस्टिलेशनचा अर्क आणि मागेपुढे काढलेले भाग ज्या टाकीत जमा होतात, तिच्या आत साचणाऱ्या तेलकट साक्याशी हा गुण जोडला जातो. टाकी घासूनपुसून साफ केली की मेण गायब होतं, हे तिथे अनुभवाने कळलेलं आहे. क्लाइनलीश 40 वर आणली तरी मेण टिकतं, म्हणजे तो गुण अल्कोहोलचा नव्हता. ग्लेनमॉरंजीला मात्र आणखी पाणी अजिबात सोसत नाही. 35 वर ती संपते.

ग्लेनड्रोनाखला या संचात खरा जोडीदार नव्हता. ओलोरोसो आणि पेड्रो हिमेनेझ या शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) पिंपांतली ही माल्ट, मनुका आणि भाजलेल्या अक्रोडाची. शेरीच्या पिंपांच्या माल्टमध्ये कधीकधी विझलेल्या काडीसारखा गंधकाचा वास येतो. तो आला तर बाटली नापास करू नका, ग्लास 20 मिनिटं उघडा ठेवा. बऱ्याचदा कमी होतो. जो राहतो तो पाण्यानेही जात नाही, आणि काही नाकांना तो आवडतोही. रंगावरून मात्र शेरीचा अंदाज बांधू नये. 2009 च्या स्कॉच व्हिस्की नियमांनुसार पाण्याखेरीज साधा कॅरॅमल रंग घालायला परवानगी आहे, आणि तो लेबलावर सांगितलेलाच असेल असं नाही. जर्मनीत सांगावा लागतो, म्हणून तिथली लेबलं उपयोगी पडतात.

टॅलिस्कर सगळ्यांच्या मधोमध बसते. धूर आयलापेक्षा निम्म्याने, वर मिरपूड. क्रम लावताना ती पुलासारखी वापरावी: ग्लेनमॉरंजी, क्लाइनलीश, ग्लेनड्रोनाख, मग टॅलिस्कर, शेवटी दोन आयला. एका बैठकीत सहाही मात्र नकोत. 15 मिलीचे तीन ग्लास ही मर्यादा बरी. चौथ्यापासून सगळ्याच माल्ट छान लागायला लागतात, म्हणजे परीक्षण संपलेलं असतं. लागाव्हुलिननंतर ग्लेनमॉरंजीकडे परत गेलात तर ओला पुठ्ठा लागेल. त्यात तिचा काही दोष नाही.

उघड्या बाटलीत काय घडतं? मानेपर्यंत भरलेली बाटली फारशी बदलत नाही. निम्म्याखाली गेल्यावर आतली हवा आणि प्रत्येक वेळी बूच उघडताना निसटणारी वाफ, दोन्ही काम करू लागतात. ग्लेनड्रोनाख सुरुवातीला आवळलेली होती, खांद्याच्या खाली गेल्यावर मोकळी झाली आणि तळाशी गोड पण सपाट. दोन्ही आयलांचा धूर आधी बोथट होतो, त्यातही कल इलाचा जास्त, कारण तिच्या धुरामागे लपायला जड असं काही नाही. लागाव्हुलिन सर्वांत चिवट. ग्लेनमॉरंजी सर्वांत आधी पडते, तिचं संत्रं तळाच्या चतुर्थांश बाटलीत शोधावं लागतं.

उपाय असा की 700 मिलीची बाटली एक तृतीयांशावर आली की उरलेली 100 मिलीच्या काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवायची. झाकण आतून शंकूच्या आकाराचं प्लास्टिकचं अस्तर असलेलं हवं. साध्या पुठ्ठ्याचं अस्तर गळतं आणि वासही सोडतं. प्लास्टिकची बाटली नको. मोठी बाटली कायम उभी, उजेडापासून दूर. आडवी ठेवली तर कडक अल्कोहोल बूच कुरतडतं. उभी ठेवून बूच अगदी कोरडं पडलं तर उघडताना तुटतं, म्हणून अधूनमधून बाटली क्षणभर कलती करून ते ओलं करावं. तुटलंच तर कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळायची. रिकाम्या बाटल्यांची बुचं धुऊन जपून ठेवा, एखादं हमखास बसतं.

आपल्याला फरक खरंच कळतो का, हे तपासायला तीन ग्लासांची चाचणी सर्वांत कठोर. दुसऱ्या कुणीतरी दोन ग्लासांत एक माल्ट आणि तिसऱ्यात दुसरी ओतायची, खुणेची चिठ्ठी तळाला लावायची, आणि वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनपैकी एकदा बरोबर येतंच. सहा फेऱ्यांत चार किंवा जास्त बरोबर आले तरी ते नशिबाने येण्याची शक्यता 10 टक्के आहे, पाच किंवा सहा बरोबर आले तर 2 टक्क्यांहून कमी. म्हणून पाचच्या खाली स्वतःला पास करू नये. ग्लासांच्या जागा दर फेरीला बदलायच्या आणि रंग दिसू नये म्हणून दिवा मंद ठेवायचा. टॅलिस्कर आणि कल इला 43 टक्क्यांवर आणून ही चाचणी लावा, वाटतं त्यापेक्षा खूप अवघड जाते.

गुण देण्याच्या भानगडीत पडू नये. 86 आणि 87 मधला फरक आज नाक बंद आहे की मोकळं एवढाच असतो. जोडीतली कुठली पुन्हा ओतावीशी वाटली आणि का, एवढं लिहिलं तरी पुरे. तेही शेजारच्याशी बोलण्याआधी, कारण कुणी ‘सफरचंद’ म्हटलं की सगळ्यांना सफरचंदच येतं.

संचातल्या चार पुन्हा घेण्यासारख्या: क्लाइनलीश, लागाव्हुलिन, टॅलिस्कर आणि कल इला. कल इला मात्र उघडल्यावर पटापट संपवायची तयारी असेल तरच. ग्लेनड्रोनाख घ्यायची तर शेजारी बोर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपातली 43 टक्क्यांची एखादी माल्ट हवी, नाहीतर शेरीने नेमकं काय केलं ते कळायचं नाही. ग्लेनमॉरंजी रोजच्या पेगला उत्तम, पण तुलनेच्या फळीवर तिची बाटली महिनोन्‌महिने उघडी ठेवू नये. तिची छोटी बाटली मिळाली तर तीच आणावी.