भरदुपारचा खून आणि शनिवारवाड्याचे भूत : एका हौशी मंडळाचे नवे नाटक

शनिवारवाड्यातल्या भुताची गोष्ट पुण्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते, आणि म्हणूनच तिच्यावर नवे नाटक लिहिणे अवघड असते. अमावास्येची रात्र, धुराचे लोट आणि ‘काका, मला वाचवा’ ही किंकाळी एवढ्यावर प्रेक्षक दचकतो, पण त्याच्या मनात काही उरत नाही. पुण्यातील एका हौशी नाट्यमंडळाने नुकत्याच रंगमंचावर आणलेल्या दोन अंकी नाटकाने ही सोपी वाट टाळली आहे, त्याबद्दल लेखक आणि दिग्दर्शक दोघांचेही मनापासून अभिनंदन.

नाटक घडते 27 फेब्रुवारी 1828 या दिवशी, वाड्याला मोठी आग लागली तेव्हा. पेशवाई बुडून दहा वर्षे झाली आहेत. लहानपणी याच वाड्यात पाणी भरणारा एक म्हातारा (हे पात्र लेखकाचे) आगीत अडकला आहे आणि याच वाड्यात खून झालेल्या नारायणराव पेशव्यांचे भूत त्याला बाहेर पडू देत नाही. हे भूत किंचाळत नाही. त्या दिवशी तू कुठे उभा होतास, काय ऐकलेस, दार कोणी लावून घेतले, एवढेच ते शांतपणे विचारत राहते.

नाटकाची खरी ताकद प्रकाशयोजनेत आहे. दंतकथेने हा खून रात्रीच्या हवाली केला असला, तरी 30 ऑगस्ट 1773 रोजी, गणपतीच्या दिवसांत, थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी, म्हणजे पेशव्यांचे पगारी शिपाई, वाड्यात घुसले ते भरदुपारी. दिग्दर्शकाने ही दुपार सोडलेली नाही. भुताचे प्रवेश मंद उजेडात होतात, पण खुनाचा प्रवेश सुरू होताच सगळे दिवे पूर्ण लागतात आणि मारेकऱ्यांतले तुळाजी पवार, सुमेरसिंग, मालकाच्या अंगावर आडवा पडलेला चाफाजी टिळेकर, सारे लख्ख दिसते. अंगावर काटा येतो तो तेव्हा, भूत पाहून नव्हे. नारायणरावांच्या भूमिकेत कोवळ्या वयाचा मुलगा घेतला आहे, हेही फार योग्य झाले. मरताना पेशव्यांना अठरावे वर्ष पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता, हे पोक्त नटांना त्या पगडीत पाहून आपण विसरत आलो आहोत.

म्हाताऱ्याचे काम करणाऱ्या नटाने पहिला अंकभर खांद्यावरची तांब्याची घागर खाली ठेवलेली नाही. भुताच्या तिसऱ्या प्रश्नाला ती तो टेकवतो आणि फळ्यांवर तांब्याचा जो आवाज होतो, तो त्याच्या कबुलीआधीच सगळे सांगून जातो. नेपथ्यात एकच दरवाजा आहे, तो नारायण दरवाजा. पेशव्यांचा देह ज्यातून बाहेर नेला असे सांगतात, त्याच दरवाजातून म्हाताऱ्याला बाहेर पडायचे आहे.

दुसरा अंक मात्र सैल पडतो. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे नारायणरावांचे काका राघोबादादांना या खुनाबद्दल देहान्त प्रायश्चित्त सुनावतात तो प्रसंग मराठी प्रेक्षकाला पाठ आहे, आणि इथे तो लांबलचक भाषण होऊन बसतो. नटाची वाणी स्वच्छ आहे, शब्दोच्चार नेमके आहेत, पण तेवढा वेळ भूत आणि म्हातारा विंगेत ताटकळतात आणि नाटक पुन्हा ओळखीच्या निवाड्याकडे वळते. मोठ्या माणसांचा न्याय आपण खूपदा पाहिला आहे. ऐकूनही गप्प राहिलेल्या चाकराची गोष्ट या लेखकाला सापडली आहे आणि तिच्यावर त्याने विश्वास ठेवायला हवा होता. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई एकाच लहान प्रवेशात येतात. ‘ध’चा ‘मा’ केल्याची प्रचलित कथा लेखकाने अफवा म्हणूनच चाकरांच्या तोंडी घातली आहे, हा संयम मला आवडला. पार्श्वसंगीत अनेकदा संवादांवर चढते. घागरीच्या त्या प्रवेशात तरी ते पूर्ण बंद ठेवावे.

मंडळाला राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचे असेल, तर रामशास्त्र्यांचे भाषण निम्म्यावर आणून आगीचा शेवटचा प्रवेश थोडा वाढवावा, कारण सध्या तो घाईत उरकला जातो आणि म्हातारा दारापर्यंत पोचतो की नाही हे मागच्या रांगांना कळतच नाही. मात्र त्या दुरुस्त्यांची वाट न पाहता पुढचा प्रयोग जरूर पाहावा, आणि जमल्यास पुढच्या रांगेतले तिकीट काढावे.